नव्या रंगाची गाडी घरी नेताना

आमच्या रंगकामाच्या वर्कशॉपमधून पुन्हा रंगवलेली गाडी ताब्यात घेताना बहुतेक जण आधी बॉनेटवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "रंग ते सुकी गया ना भो?" सुकला आहे. हाताला लागणार नाही, धूळ चिकटणार नाही. पण सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. वरून पिवळी दिसणारी केळी आत कच्ची असू शकते, हे रावेर-यावलकडच्या माणसाला आम्ही काय सांगणार!

कंपनीत रंग देतात तो गाडीच्या नुसत्या सांगाड्याला. त्यात सीट नाही, वायरिंग नाही, रबर नाही, त्यामुळे तो भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. तुमची गाडी आमच्याकडे येते ती जोडलेली, पेट्रोलसकट. तिला तेवढी उष्णता दिली तर रंग पक्का होईल, पण प्लास्टिक वाकडं होईल. म्हणून आम्ही बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवतो. पुढचं काम रंग आणि त्यात मिसळलेला हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) आपापल्या गतीने करतात. आत राहिलेला थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, थोडा थोडा बाहेर पडत राहतो. याला महिना ते दोन महिने लागतात.

आमच्याकडे रंग बिघडून परत आलेल्या गाड्या पाहिल्या तर हयगयीने बिघडलेल्या थोड्या. जास्त बिघडतात त्या लाडापायी.

पहिला लाड पूजेचा. घरी गेल्यावर गाडीला ओवाळणार, नारळ फोडणार, लिंबू चिरडणार, ते सगळं करा. फक्त बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढू नका. हळदीचा पिवळा आणि बाजारच्या कुंकवातला लाल रंग कच्च्या लॅकरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) उतरतो, आणि पांढऱ्या गाडीवर तो कायमचा राहू शकतो. कुंकू काचेवर लावा किंवा नंबरप्लेटला लावा, देवाला चालतं. नारळही टायरजवळ जमिनीवर फोडा. बंपरवर आपटून फोडलेल्या नारळाचा टवका आम्ही वॉरंटीत धरत नाही.

दुसरा लाड कव्हरचा. "धूळ नको म्हणून झाकून ठेवली" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय. कव्हरखाली दव आणि थिनरची वाफ कोंडते, रंगाला धुरकटपणा येतो. आणि आपल्याकडे दुपारचा वारा सुटला की तेच कव्हर काळ्या मातीची धूळ घेऊन रंगावर घासत राहतं. दोन महिने कव्हर गुंडाळून डिक्कीत ठेवा.

तिसरा लाड पॉलिशचा, आणि इथे जरा गोंधळ होतो. गाडी देण्याआधी आम्ही स्वतः बफिंग करतो, म्हणजे कंपाउंड लावून मशीनने घासतो, रंगात बसलेले धुळीचे कण काढतो. मग तुम्ही पॉलिश का नाही करायचं? कारण आम्ही वापरतो त्या कंपाउंडमध्ये मेण नसतं, सिलिकॉनही नसतं. वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म हे सगळं रंगाचं तोंड बंद करतं आणि आतला थिनर आतच राहतो. दोन महिन्यांनंतर खुशाल करा. डिझेलमध्ये बुडवलेला फडका मात्र कधीच नको. चमक दोन दिवस दिसते, मग त्यावर सगळ्या गावाची धूळ बसते.

आता उन्हाबद्दल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास गेला की लोक घाबरून फोन करतात, रंग भाजून निघेल का? नाही निघत. ऊन कच्च्या रंगाला मदतच करतं, थिनर लवकर उडतो. घाबरायचं ते सावलीला! निंबाखाली गाडी लावली की वरून लिंबोळ्या, चिकटा आणि पक्ष्यांची विष्ठा. उन्हात तापलेलं लॅकर मऊ असतं, त्यावर विष्ठा वाळते, आणि संध्याकाळी लॅकर गार होऊन आकसतं तेव्हा तिचा ठसा आत बसतो. ती आम्लधर्मी असते, चार-पाच तासांत काम करून जाते. म्हणून दिसताक्षणी पाण्याने भिजलेला मऊ कपडा दोन मिनिटं त्यावर ठेवा, मग उचला. घासू नका, नखाने तर मुळीच खरडू नका. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबरचा कपडा ठेवला की काम भागतं. केळीच्या बागेत गेला असाल तर कपड्यांना लागलेला चीक सीटलाही पुसू नका आणि दारालाही.

पहिला आठवडा गाडी धुऊच नका. पाऊस आला तर येऊ द्या, त्याने काही होत नाही. त्यानंतर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, बॉनेट गार असताना धुवा. बोअरचं पाणी असेल तर जास्त सांभाळा. ज्या पाण्याने तुमच्या बादलीला पांढरा थर बसतो त्याच पाण्याचे थेंब गाडीवर वाळले की क्षारांचे गोल डाग उरतात. धुतल्या धुतल्या पुसून कोरडी करा. साबण गाडीचाच वापरा. भांड्यांची वडी आणि कपड्यांची पावडर नको. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवा, मग हात लावा. काळ्या मातीच्या धुळीत बारीक वाळू असते, तिच्यावर कोरडा फडका फिरवला की उन्हात गोल गोल चरे चमकतात. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने धुवायची असेल तर नळी निदान दोन फूट लांब धरायला सांगा, आणि फिरत्या ब्रशच्या मशीनमध्ये दोन महिने गाडी घालू नका.

लॅकरचा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

लग्नसराईत गाडी देणार असाल तर फुलं दोऱ्याने बांधा. सेलोटेप काढताना रंग घेऊन येते, वराकडच्यांना तेव्हा कळतही नाही. "आईची कृपा"चं स्टिकर दोन महिने थांबू शकतं. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठरली असेल तर बॉनेटचं ताट करू नका. गरम पातेलं, भरताचं तेल आणि कळण्याच्या भाकरीच्या टोपलीचा खालचा काटा, तिन्ही त्रास देतात. धुळवडीला गाडी आत ठेवा. पेट्रोल सांडलं तर लगेच पाणी ओता. ब्रेक ऑइल सांडलं तर पाणी ओता आणि थेट आमच्याकडे या, ते रंग विरघळवतं.

सुरत-नागपूर महामार्गावर खडीच्या डंपरमागे लागू नका. दगडाचा टवका आम्ही रंगवून देऊ, पण त्याचे पैसे लागतील. रंग स्वतःहून फुगला, सोलला किंवा खालची लांबी (पुट्टी) दिसू लागली तर एक वर्षापर्यंत पुन्हा फुकट करून देऊ. बिल जपून ठेवा, त्यावर रंगाचा कोड लिहिलेला आहे. सोबत उरलेल्या रंगाची छोटी बाटली दिली आहे. तिचं झाकण घट्ट लावून सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. टवका पडला तर गंज धरायच्या आत आणा, जुनी बाटली आणि जुनं बिल दोन्ही घेऊन.