रॉड ठोकला, पण एमसीबी पडेल का?

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. बोरिंगची मोटर आणि वॉशिंग मशीन तिथेच. गेल्या पावसाळ्यात मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. वायरमनने खोलीबाहेर एक रॉड ठोकला, मशीनची वायर त्याला जोडली आणि म्हणाला, ‘झालं अर्थिंग.’ आम्ही निर्धास्त झालो. तेव्हा हे गणित मांडलं असतं तर झालो नसतो.

समजा, मशीनमधली फेजची वायर घासून मशीनच्या पत्र्याला टेकली. करंट रॉडमधून जमिनीत उतरतो आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत परततो. आपल्या रॉडचा रोध 10 ओहम, पलीकडचा 5 धरू. 230 ला 15 ने भागलं की जेमतेम 15 अँपिअर. खोलीच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचला, हा रोजचाच लोड वाटतो! सी प्रकारची एमसीबी तत्काळ पडायला 5 ते 10 पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. तेव्हा ती पडत नाही आणि मशीनच्या पत्र्यावर दीडशे व्होल्ट तसेच राहतात. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहम धरला तर त्याच्यातून 150 मिलिअँपिअर जातील. हृदयाची लय बिघडायला याहून कमीही पुरतो.

त्यात आपली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, रॉडला धरलेली माती सुटते आणि रोध वाढतो.

इथे आरसीसीबी हवी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की पडून वीज तोडणारा स्विच. तिच्यातल्या एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेला तेवढाच करंट परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. काही करंट मातीत गळला की हा तोल बिघडतो. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की ती 0.3 सेकंदाच्या आत पडते, 150 ला 0.04 सेकंदात. रॉडचा रोध अगदी 500 ओहम झाला तरी जवळपास अर्धा अँपिअर गळतो, तिला तेवढा पुष्कळ. म्हणजे कुणी हात लावण्याआधीच वीज बंद. ती घरातल्या बोर्डावर, खोलीकडची केबल जिथून निघते तिथे बसवावी, मग वाटेतली केबलही तिच्या पहाऱ्यात येते. ओव्हरलोडसाठी एमसीबी मात्र हवीच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला आरसीसीबी वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात गळती नसतेच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खोलीपर्यंत दोनच तारांची केबल गेली असेल, तर अर्थसाठी न्यूट्रलवरून लूप मारू देऊ नका, म्हणजे मशीनची अर्थची तार न्यूट्रललाच जोडू देऊ नका. न्यूट्रल वाटेत तुटला की चालू दिव्यातून फेज थेट मशीनच्या अंगावर येतो. तीन तारांचीच केबल टाका.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं. त्यावरून यंत्र चालतं एवढंच कळतं, रॉडचं काही कळत नाही. रॉडचा रोध मोजायला आम्ही माणूस बोलावला तो मे महिन्यात, माती सर्वांत कोरडी असताना.