हार्बिनमध्ये बर्फ वेगळा, हिम वेगळं

हार्बिनला जाऊन आलेलं कोणी भेटलं की मी हल्ली एकच विचारते: थाययांग दाओला गेला होतात का, आणि किती वाजता? उत्तर बहुतेक वेळा असं येतं, "बर्फाचं पार्क ना? पाहिलं की! रात्री गेलो होतो, काय रोषणाई होती!" म्हणजे ते दुसऱ्याच ठिकाणी गेले होते. किंवा दोन्हीकडे गेले होते, पण चुकीच्या वेळी. दरवर्षी हा घोळ ऐकते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

ईशान्य चीनमधल्या हेइलोंगज्यांग प्रांताची राजधानी हार्बिन. तिथे हिवाळ्यात, सोंगह्वा नदीच्या उत्तर काठावर, एकमेकांपासून जवळच दोन मोठी शिल्प-उद्यानं उभी राहतात. एक 'बिंगश्युए दा शिज्ये', म्हणजे बर्फ आणि हिमाचं महाविश्व. दुसरं थाययांग दाओवरचं, म्हणजे सूर्यबेटावरचं हिमशिल्प प्रदर्शन. दोन्हीकडे तिकीट, दोन्हीकडे कडाक्याची थंडी, दोन्हीकडे गोठलेल्या पाण्याच्या अवाढव्य आकृत्या. त्यामुळे सहलीच्या पत्रकात दोन्ही "बर्फाचं पार्क" या एकाच नावाखाली येतात.

पहिलं तुम्हाला माहीत आहे. निळे-जांभळे-केशरी उजळलेले किल्ले, चाळीस मीटरहून उंच मनोरे, लांबच लांब घसरगुंड्या, मागे १२० मीटरचा आकाशपाळणा: हार्बिनचा म्हणून जो फोटो डोळ्यांसमोर येतो, तो इथला. १९९९ साली, नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी हे सुरू झालं. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा पसारा दहा लाख चौरस मीटरपर्यंत गेला आणि त्यासाठी सुमारे तीन लाख घनमीटर बर्फ व हिम लागलं. त्याचं कौतुक सगळीकडे भरपूर झालेलं आहे, म्हणून मी पुढे जाते.

खरी गफलत शब्दापासून सुरू होते. मराठीत आपण लादीलाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून भुरभुरणाऱ्या पांढऱ्या कापसालाही बर्फच म्हणतो. 'बर्फ' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ आहे पडणारं, भुसभुशीत, पांढरं ते. घट्ट गोठलेल्या पाण्याला फारसीत 'यख' हा वेगळा शब्द आहे. आपण बर्फ उचलला, यख मागे ठेवला, आणि एकाच शब्दावर दोन्ही पदार्थांचा भार टाकला. चिनीत तशी सोय नाही. 'बिंग' म्हणजे घट्ट गोठलेलं, 'श्युए' म्हणजे पडणारं. पहिल्या उद्यानाच्या नावात दोन्ही अक्षरं आहेत, सूर्यबेटावरच्या प्रदर्शनाच्या नावात फक्त श्युए. नाव वाचता आलं तर निम्मा घोळ तिथेच संपतो. तोवर माझा आग्रह असा: लादीला बर्फ म्हणा, पडणाऱ्याला हिम म्हणा. बर्फशिल्प आणि हिमशिल्प. शब्द आपल्याकडे तयार आहेत, वापरायचा कंटाळा नको.

हा आग्रह नुसत्या शुद्धतेपोटी नाही. दोन्ही पदार्थ प्रकाशाशी अगदी उलट वागतात, आणि तुम्ही काय पाहणार, कधी पाहणार, हे त्यावर ठरतं.

बर्फ नदीतून येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सोंगह्वा पुरेशी गोठली की करवतींनी तिच्या पृष्ठभागाचे आयत कापतात. एकेक लादी काही शे किलोंची. हा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो, कारण नदी वरून खाली, एकाच दिशेने आणि हळूहळू गोठते. स्फटिक खाली वाढत जाताना पाण्यात विरघळलेली हवा आणि गाळ पुढे ढकलत नेतात, आत अडकू देत नाहीत. फ्रीजच्या ट्रेमधला खडा चारी बाजूंनी एकदम गोठतो. हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून त्याच्या पोटात ती पांढरी धुकट गाठ दिसते. नदीच्या लादीत ती नसते. या लाद्या विटांसारख्या रचतात आणि फटींमध्ये चुना-सिमेंटऐवजी पाणी ओततात. उणे वीस अंशांत ते पाणी थोड्याच वेळात लादीचाच भाग होऊन जातं.

आता हिम. हार्बिन इतकं थंड, म्हणजे तिथे ढीगभर हिम पडत असणार, ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे. ती चुकीची आहे. तिथला हिवाळा कोरडा असतो. जानेवारीत पडतं ते हिम वितळवलं तर जेमतेम चार-पाच मिलिमीटर पाणी भरेल. सूर्यबेटावरचं बरंचसं हिम यंत्राने बनवलेलं असतं. पाण्याचे बारीक तुषार गोठणाऱ्या हवेत फवारतात आणि खाली येईपर्यंत त्यांचे इवलेसे गोल कण झालेले असतात. नैसर्गिक हिमकणासारखे सहा हात त्यांना नसतात. शिल्पकाराला हे सोयीचंच पडतं, कारण गोल कण एकमेकांत घट्ट बसतात. मग लाकडी साच्यांत ते भरायचं, दाबायचं आणि थोडे दिवस तसंच ठेवायचं. त्या मुदतीत कणाला कण चिकटतो. साचा काढल्यावर उभा राहतो एक पांढरा ठोकळा, आणि कोरीवकाम त्याच्या माथ्यापासून खाली सुरू होतं, म्हणजे वरचा चुरा झालेल्या कामावर पडत नाही.

पाणी तेच, नदीही तीच. फरक हवेचा आहे. दाबलेल्या हिमात कणाकणांमध्ये हवा उरलेली असते. प्रकाश आत शिरला की प्रत्येक कणाच्या कडेवर वळतो, विखुरतो आणि सगळे रंग एकत्र घेऊन परत येतो, म्हणून हिम पांढरं. पारदर्शक लादी किसली की पांढरा चुरा निघतो, तोही याच कारणाने. लादीत असे अडथळेच नसतात, प्रकाश सरळ आरपार जातो.

आरपार जाणारी वस्तू उन्हात कशी दिसते? जवळजवळ दिसतच नाही. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. शिल्प आपल्याला कळतं ते सावल्यांमुळे: गालाची गोलाई, वस्त्राची चुणी, बोटांमधली फट. पारदर्शक पदार्थावर स्वतःची सावली धड पडत नाही, उलट मागचा किल्ला, पलीकडची माणसं, सगळं एकमेकांत मिसळून दिसतं. म्हणून सकाळी अकराला बिंगश्युए दा शिज्येमध्ये शिरलेली माणसं थोडी हिरमुसतात. फिकट निळसर-हिरवट भिंती, बस्स. अंधार पडला की लाद्यांच्या आत बसवलेले दिवे लागतात आणि तोच बर्फ आतून भरून येतो. छिन्नीचा प्रत्येक ओरखडा उजळतो. बर्फाला प्रकाश आतून हवा आणि बाहेर काळोख हवा. (आणि कृपा करून "रंगीत पाणी गोठवतात" असं सांगू नका. त्या भिंतींचा बर्फ बिनरंगी असतो, रंग दिव्यांचा.)

हिमाचं बरोबर उलट. त्याच्या आत दिवा घालून काही साधत नाही. त्याला प्रकाश बाहेरून, तोही बाजूने, तिरपा हवा. असा प्रकाश हार्बिनमध्ये जानेवारीत दिवसभर फुकट मिळतो. शहर जवळपास ४६ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे महिन्याच्या मध्यावर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण २३ अंशच वर येतो. डोक्यावर येतच नाही. आपल्याकडची कोवळ्या उन्हाची वेळ तिथे अख्खा दिवस टिकते. त्या उन्हात हिमशिल्पाची उजेडाकडची बाजू किंचित पिवळसर, सावलीकडची आकाशाचं प्रतिबिंब घेऊन निळी, आणि मधल्या असंख्य छटांमधून चेहरा उभा राहतो. संगमरवरावरही मी इतकी मऊ सावली पाहिलेली नाही.

पहिल्या खेपेला हे मला ठाऊक नव्हतं. सहल आखणाऱ्यांनी सूर्यबेट संध्याकाळी पाचला ठेवलं होतं. हार्बिनमध्ये त्या दिवसांत सूर्य चारच्या सुमारास मावळतो, कारण शहर बरंच पूर्वेला असूनही घड्याळ बीजिंगचं पाळतं. आम्ही पोचलो तेव्हा रंगीत झोत समोरून टाकलेले होते. समोरून आलेल्या प्रकाशाने सावल्या पुसल्या होत्या, आणि महिनाभर खपून कोरलेली शिल्पं पुठ्ठ्यासारखी सपाट दिसत होती. मला आजही त्या शिल्पकारांसाठी वाईट वाटतं. दुसऱ्या वर्षी मी एकटीने, सकाळी साडेनऊला गेले, आणि तेच बेट मला नव्याने कळलं.

म्हणून माझा क्रम पक्का आहे आणि मी तो बदलत नाही. सूर्यबेट सकाळी, दोन वाजेपर्यंत. बिंगश्युए दा शिज्ये दुपारी तीनपासून. स्वच्छ उन्हाचा एकच दिवस मिळणार असेल तर तो हिमाला द्या. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो आणि हिम पुन्हा सपाट होतं. बर्फाला ढगांचं काही सोयरसुतक नाही, त्याच्याकडे स्वतःचे दिवे आहेत. कुटुंबात कोणी "एकच बघू" म्हणालं, तर मुलं बरोबर असताना बिंगश्युए दा शिज्ये निवडा, घसरगुंड्यांसाठी. मोठीच माणसं असाल तर माझं मत सूर्यबेटाला. तिथे १९८८ पासून हे प्रदर्शन भरतं आणि २००७ च्या डिसेंबरात सुमारे ३५ मीटर उंच, २०० मीटर लांब असं एक हिमशिल्प उभं राहिलं होतं. इतकं लांब सलग काम बर्फाच्या रचलेल्या लाद्यांत वेगळं दिसलं असतं, सांधे मोजता आले असते. हिमात सांधाच नसतो.

बाकीचे फरक किरकोळ. बर्फ ठिसूळ, एक घाव चुकला की तुकडा गेला. हिमाला ओल्या हिमाचं ठिगळ लावता येतं. बर्फाच्या उद्यानात संगीत भिंतींवर आदळून घुमतं, हिम आवाज शोषून घेतं म्हणून सूर्यबेटावर बूट करकरल्याचंसुद्धा ऐकू येतं. गर्दी, खाणं, स्वच्छतागृहं यांत निवडण्यासारखं काही नाही.

याच गोंधळात आणखी तीन-चार गोष्टी ओढल्या जातात, त्याही वेगळ्या करते. जाओलिन उद्यान दक्षिण काठावर, शहरातच आहे. तिथला बर्फकंदिलांचा मेळा १९६३ चा, म्हणजे या सगळ्याचं मूळ. बर्फकंदील म्हणजे पाण्याची बादली बाहेर ठेवायची, कडा गोठल्या की मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं आणि त्या पोकळीत मेणबत्ती लावायची. बर्फाला प्रकाश आतून लागतो हे तिथल्या लोकांना विजेच्या दिव्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. दुसरं, '५ जानेवारीला उद्घाटन' होतं ते १९८५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय बर्फ-हिम महोत्सवाचं, म्हणजे सगळ्या शहराच्या उत्सवाचं. उद्यानं सहसा डिसेंबरातच उघडतात, आणि बंद कधी होणार हे फेब्रुवारीतली हवा ठरवते. तिसरं, लाल टोपीचा तो प्रचंड हिममानव प्रसिद्ध झाला तो दक्षिण काठावरच्या छ्युनली भागातल्या सार्वजनिक बागेत. बिंगश्युए दा शिज्येमध्ये त्याला शोधत फिरू नका. आणि चौथं, शहराच्या मधोमध रस्त्यालगत उभी असलेली पांढरीशुभ्र भव्य शिल्पं 'हार्बिन' म्हणून फिरतात, ती बरेचदा जपानमधल्या साप्पोरोची असतात. तो महोत्सव १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात केलेल्या सहा हिमपुतळ्यांपासून सुरू झाला, आणि साप्पोरोत हिम खरोखरच भरपूर पडतं.

थंडीबद्दल थोडकंच. रात्री पारा उणे पंचवीसपर्यंत सहज उतरतो. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता मान टाकते. कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगावर दव धरतं. उष्णतेच्या चिकटपट्ट्या कातडीवर नव्हे, आतल्या कपड्यावर लावा.

आणि बिंगश्युए दा शिज्येमध्ये तीनला शिरलात की आधी घसरगुंडीच्या रांगेकडे धावू नका. सूर्य गेल्यावर अर्धाएक तास आकाश गडद निळं असतं आणि लाद्यांतले दिवे लागलेले असतात. त्या वेळी बर्फाची धार बाहेरूनही दिसते आणि पोटातला उजेड आतूनही दिसतो. पुढे पूर्ण काळोख झाला की नुसते दिवे उरतात. तो अर्धा तास मुख्य मनोऱ्यासमोर उभं राहायला राखून ठेवा, रांग नंतरही असतेच.