मुंबईची वीज आणि डेटा सेंटरचा जनरेटर

मुंबईत वीज जात नाही, हा विश्वास उगाच रुजलेला नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज शहरात आली, पुढे ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि १९८०च्या दशकात आयलंडिंगची व्यवस्था झाली. राज्याच्या ग्रीडमध्ये मोठा बिघाड झाला की मुंबईने आपोआप वेगळे व्हायचे आणि आपल्या केंद्रांवर चालत राहायचे. २००५ नंतर उरलेला महाराष्ट्र भारनियमनाने बेजार असताना मुंबईतले दिवे चालूच होते.

समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून डेटा साठवणारी, सर्व्हरनी भरलेली डेटा सेंटरेही इथेच वाढली. जागा मात्र बरीचशी मिळाली खाडीपलीकडे, ऐरोली-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात, जिथे वीज महावितरणची, मुंबईच्या कंपन्यांची नव्हे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट) उच्चदाब वाहिन्या कोलमडल्या आणि आयलंडिंगही टिकले नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज यायला संध्याकाळ उलटली.

बॅकअपच्या खरेदीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘किती वेळ’ हा आहे, आणि तो या दिवसाने ठसठशीतपणे समोर आणला, असे मला ठामपणे वाटते. यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटांचेच काम करतात. तेवढ्यात जनरेटर सुरू होऊन भार उचलतो. तिथून पुढचे तास डिझेलचे. म्हणूनच नुसता केव्हीए, म्हणजे क्षमतेचा आकडा, पाहून जनरेटर संच घेणे धोक्याचे. तोच संच ‘स्टँडबाय’ रेटिंगला जास्त केव्हीए दाखवतो, ‘प्राइम’ला, म्हणजे दीर्घकाळ चालवण्याच्या रेटिंगला, कमी. स्टँडबायचा आकडा वर्षातले मोजके तास आणि कमी सरासरी भार धरून दिलेला असतो. कोटेशनमध्ये रेटिंग कोणते, हे आधी विचारावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४+ हे धुराचे निकष ८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांना आहेत. मोठ्या केंद्रांचे संच सहसा त्याहून मोठे, त्यामुळे त्यांच्या धुराचे नियम वेगळे पाहावे लागतात. डिझेलचा मोठा साठा करायचा तर पेसोची (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवानगी लागते.

आणि पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी टँकर पोहोचत नाही. २०१२च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत वरचा जनरेटर शाबूत होता, पण तळघरातले इंधनपंप बुडाले आणि माणसांनी बादल्यांनी डिझेल सतरा मजले वर नेले. जनरेटर उंचावर ठेवला, तर पंप आणि त्याचे पॅनेलही पुराच्या पातळीच्या वरच हवेत.