पाचवी ते आठवीचं गणित : पालकांसाठी माहितीपत्रक

चाळीसगावात आमचा गणिताचा छोटा वर्ग आहे. पाचवी ते आठवीची मुलं संध्याकाळी शाळा सुटल्यावर येतात. प्रवेशाला आलेले पालक बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतात: फी किती आणि पोर्शन कधी संपणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी या चार वर्षांत तुमच्या मुलाला गणितात काय शिकायचं असतं आणि त्यातलं काय हुकलं तर पुढे जड जातं, हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

चौथीपर्यंतचं गणित मुख्यतः मोजण्याचं असतं. किती आहेत, किती उरले, प्रत्येकाला किती. पाचवीपासून ते तुलनेचं होतं. कितवा भाग, किती पट, शेकडा किती, कोणत्या प्रमाणात. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी आणि व्याज हे पुस्तकात वेगवेगळे धडे दिसतात, पण आमच्या मते ही एकच वस्तू वेगवेगळ्या वेशात येते. जे मूल अपूर्णांकात पक्कं आहे त्याला बाकीचं उलगडत जातं. आठवीत बीजगणिताला अडलेलं मूल आमच्याकडे आलं, की आम्ही आधी त्याचे पाचवीचे अपूर्णांक तपासतो. बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

कोणत्या वर्षी काय

पाचवीत लाख-कोटीपर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं, विभाजक आणि विभाज्य, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, दशांश, कोन मोजणं, परिमिती आणि क्षेत्रफळ. सहावीत शून्याच्या खालच्या संख्या, मसावि-लसावि, गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज आणि पहिली समीकरणं. सातवीत परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी, सम आणि व्यस्त प्रमाण, पायथागोरसचा सिद्धांत. आठवीत अवयव, अपरिमेय संख्या, त्रिकोणांची एकरूपता, चक्रवाढ व्याज, पृष्ठफळ आणि घनफळ. पुस्तकं बदलतात तसे धडे थोडे मागेपुढे होतात, ओघ मात्र हाच राहतो.

अपूर्णांक : सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

मुलाला 1/2 + 1/3 करायला सांगा. उत्तर 2/5 आलं तर रागावू नका. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, एवढंच त्याने केलं. त्याला फक्त विचारा, '2/5 हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?' थोडा विचार करून ते म्हणेल, लहान. मग विचारा, 'अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?' इथे मूल गप्प होतं आणि पुन्हा वहीकडे बघतं. त्या क्षणी त्याला छेद सारखे करण्याचा नियम सांगायची घाई करू नये. आम्ही कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या देतो. एकीची अर्ध्यात घडी, दुसरीची तीन भागांत. दोन्ही पट्ट्या मोजता येतील असा सारखा तुकडा शोध, एवढंच सांगतो. घड्या घालता घालता मुलाला सहावा भाग सापडतो. अर्ध्यात असे तीन तुकडे, तृतीयांशात दोन, मिळून सहातले पाच. एवढं हाताने झालं, की लसावि कशासाठी शिकवतात हेही कळतं.

दुसरी अडचण गुणाकार-भागाकाराची. चौथीपर्यंत मुलाचा अनुभव असा, की गुणलं की वाढतं आणि भागलं की घटतं. अपूर्णांक आले, की हा अनुभव मोडतो. 6 ला 1/2 ने भागलं तर 12 कसे? उलट करून गुणा, हा नियम पाठ असलेलं मूल उत्तर काढतं, पण त्या उत्तरावर त्याचा विश्वास नसतो. घरी सहा लिटर तेल आहे आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरायच्या आहेत, तर बाटल्या किती लागतील, असं विचारा. बारा, हे उत्तर तेच मूल लगेच देईल. नियम त्यानंतर लिहावा.

घरात आजोबा असतील तर त्यांना मदतीला घ्या. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणून पाठ केलेली आहे. पंधराचे पाऊणपट किती, असं विचारलं तर ते कागद न घेता सव्वाअकरा सांगतात. नातवाने 15 × 3/4 वहीत करून उत्तर ताडून पाहावं. आजच्या मुलांकडून हे पाढे सुटले याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. सगळे पाठ करा असं आमचं म्हणणं नाही, पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आकडे मुलाच्या तोंडात रोज असले पाहिजेत.

दशांश आणि सातबारा

0.45 मोठं की 0.5? पाचवी-सहावीतली बरीच मुलं 0.45 म्हणतात, कारण पंचेचाळीस हे पाचपेक्षा मोठे. चूक स्थानिक किमतीची आहे आणि ती तोंडी सांगून जात नाही. शेतकरी घरात ती घालवायला उत्तम साधन कपाटात पडलेलं असतं, ते म्हणजे सातबारा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं. 100 आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे 1 हेक्टर 5 आर हे 1.05 लिहावं लागतं. तेच कुणी 1.5 लिहिलं तर ते दीड हेक्टर, म्हणजे 150 आर झालं. मधल्या एका शून्याने 45 आरांचा फरक पडला, आणि एकर साधारण 40.47 आरांचा असतो. म्हणजे एक एकरापेक्षा जास्त जमीन कागदावर वाढली! घरच्याच शेताचा आकडा समोर असला, की मूल त्या शून्याकडे नीट बघायला लागतं.

त्रैराशिक, आणि आपलं पाटण

चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. तिथल्या पाटण गावी 1207 सालचा शिलालेख मिळाला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापन केला, याची नोंद त्या लेखात आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 सालची. अपूर्णांक, त्रैराशिक (म्हणजे दिलेल्या तीन संख्यांवरून प्रमाणाने चौथी काढणं), व्यस्त त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ हे सगळं तिच्यात आहे. आज सहावी-सातवीतलं मूल जे शिकतं त्याचा मोठा भाग आपल्याच तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता. मुलांना हे आम्ही आवर्जून सांगतो, आणि सुट्टीत त्यांना तिकडे घेऊन जा असं तुम्हालाही सुचवतो.

त्रैराशिकात मुलं हिशेबात क्वचित चुकतात. ती चुकतात ते आधीच्या पायरीवर, प्रश्न सम प्रमाणाचा की व्यस्त हे न बघता. 12 मजूर कापसाची वेचणी 5 दिवसांत उरकतात, तर त्याच वेगाने 15 मजूर किती दिवसांत उरकतील? तिरका गुणाकार करून मुलगा सव्वासहा दिवस लिहितो. मजूर वाढले आणि दिवसही वाढले, हे त्याला खटकत नाही. वेचणीला बाया कमी आल्या की काम लांबतं, हे त्याला घरी माहीत असतं, पण वही उघडली की ते ज्ञान बाहेरच राहतं. म्हणून आमच्याकडे गणित सोडवण्याआधी मुलाला मोठ्याने सांगावं लागतं: उत्तर पाचापेक्षा जास्त येईल की कमी? मग 12 × 5 = 60 मजूर-दिवसांचं काम, ते 15 जणांत वाटलं तर 4 दिवस, ही मांडणी त्याची त्यालाच सुचते.

टक्के आणि व्याज

उदाहरणासाठी केळीचा भाव क्विंटलला 1,500 रुपये धरा. तो 20 टक्के वाढला, आणि मग 20 टक्के उतरला. आता किती? 'होता तेवढाच,' हे उत्तर मोठी माणसंही देतात. वाढून 1,800 झाला, आणि 1,800 चे 20 टक्के म्हणजे 360 उतरले, तर राहिले 1,440. टक्के कशाचे, हा प्रश्न मुलाने प्रत्येक गणिताला विचारला पाहिजे. नफा-तोटा, सूट, कमिशन, जीएसटी या सगळ्या धड्यांची किल्ली हीच आहे.

व्याजाचं गणित पुस्तकात दरसाल दरशेकड्याचं असतं. गावात मात्र 'दोन रुपये शेकडा' म्हटलं की ते बहुधा महिन्याचं असतं. 10,000 रुपयांवर महिन्याला 200, म्हणजे वर्षाला 2,400 रुपये. पुस्तकाच्या भाषेत हा दर 24 टक्के झाला. सातवीतल्या मुलाला हा फरक समजावून सांगा आणि बँकेच्या दराशेजारी तो मांडायला लावा. हे गणित परीक्षेत येवो न येवो, ते आम्ही शिकवतोच, कारण पुढे त्याच्या सहीवर कर्ज निघणार आहे.

बराबरचं चिन्ह

8 + 4 = ▢ + 5. चौकटीत काय येईल? बरीच मुलं 12 लिहितात. त्यांना बराबर म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम वाटतो. दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत, हा अर्थ बसलेला नसतो, म्हणून 7 सुचत नाही. याच मुलांना सहावीत समीकरणं आणि सातवीत बैजिक राशी आल्या, की सगळं परकं वाटायला लागतं आणि 'एक्स कुठून आला' असं विचारतात. आम्ही एक्स आणण्याआधी अशा चौकटींची बरीच गणितं करून घेतो. ऋण संख्यांनाही हाच धीर लागतो. उधारीची वही हे त्यासाठी चांगलं साधन आहे: 300 ची उधारी असताना 500 जमा केले तर पुढे 200 शिल्लक, म्हणजे -300 + 500 = 200.

भूमिती

भूमितीत दोनच गोष्टींवर आमचा भर असतो. पहिली, परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत. 100 मीटर तारेचं कुंपण आहे. त्यात 40 × 10 चा वाफा घेतला तर जागा 400 चौरस मीटर, आणि 25 × 25 चा घेतला तर 625. कुंपण तेवढंच, जागा दीडपटीहून जास्त. क्षेत्रफळाचं आणखी एक गणित मुलांना फार आवडतं: केळी 5 × 5 फुटांवर लावायची, एकर 43,560 चौरस फुटांचा, तर खोडं किती? 25 ने भागून 1742.4 येतात, आणि मग पाव-अर्ध्या खोडाचं काय करायचं यावर वर्गात चांगली चर्चा होते. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने आकृती काढणं. कंपास, कोनमापक, गुण्या मुलाकडे चालू स्थितीत असू द्या. घराचं बांधकाम चालू असेल तर पायाची आखणी करताना मुलाला तिथे उभं करा. गवंडी एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजून तिरपं माप 5 येतं का बघतो. पायथागोरसच्या धड्याची याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही.

परीक्षा, ट्रिक्स आणि सेमी

शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी आम्ही करून घेतो. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत अंकगणिताचे 20 प्रश्न असतात आणि ते साध्या पाठांतराने सुटत नाहीत. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचं महत्त्वही वाढलं आहे. तरी एक स्पष्ट सांगतो: पाया कच्चा असलेल्या मुलाला आम्ही आधी सराव-पेपर देत नाही, आणि झटपट ट्रिक्स तर मुळीच नाही. ट्रिक दोन महिन्यांत विसरते, आणि मुलाला वाटतं की आपल्याला गणितच येत नाही. पाढे मात्र हवेतच, तिसापर्यंत.

सेमीची मुलं एचसीएफ, एलसीएम शिकतात आणि घरी आई-वडील मसावि, लसावि म्हणतात. आमच्याकडे फळ्यावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिली जातात, म्हणजे घरी तुम्हाला मुलाशी बोलता येईल. काही मुलं घरात अहिराणी बोलतात. शाब्दिक उदाहरण अडलं, की ते अहिराणीत सांगायला आम्ही त्यांना मोकळीक देतो, आणि पुष्कळदा सांगता सांगताच गणित सुटतं.

आमच्याकडे येताना

एका तुकडीत आम्ही बारापेक्षा जास्त मुलं घेत नाही. पहिल्या भेटीत वर सांगितल्यासारखे पाच-सहा प्रश्न तोंडी विचारतो, त्याचे पैसे घेत नाही. तेव्हा तुम्ही शेजारी बसा, पण उत्तर सुचवू नका. प्रगतिपुस्तक नसलं तरी चालेल. मागच्या वर्षाची गणिताची वही मात्र नक्की आणा, खोडलेली पानं असलेली चालेल, किंबहुना तीच हवी. मूल कुठून सुरू करायला हवं हे त्या पानांवरून ठरवतो, आणि सातवीतल्या मुलाला पाचवीच्या धड्यापासून घ्यावं लागणार असेल तर तसं तिथेच सांगतो. केळी कापणी किंवा वेचणीच्या दिवसांत मुलाला शेतात जावं लागत असेल तर आधी कळवा, त्याची तासिका रविवारी सकाळी भरून काढू.