आवाज वाढवा, पंखा बंद करा

सुनेनं स्वयंपाकघरातून सांगितलं, “बाबा, डॉक्टरांनी सातला बोलावलंय.” बाबा आठच्या हिशेबानं तयार होऊन बाहेर आले. ती म्हणाली, मी दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, तू आठच म्हणालीस. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, “त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.”

सून खरं बोलत होती आणि सासरेही. सात आणि आठ या दोन शब्दांचा कणा एकच, तो लांबलचक ‘आ’. फरक आहे तो सुरुवातीच्या ‘स’चा आणि शेवटच्या ‘त’-‘ठ’चा. स्वर भरदार असतात, त्यांची बरीचशी ऊर्जा खालच्या वारंवारतांमध्ये असते. ‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून सुटलेली हवा. तो आवाज मुळात नाजूक, आणि त्याची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. वय वाढतं तसा तो वरच्या टोकाकडून झिजत येतो. मग कानापर्यंत पोचतो तो फक्त ‘आ’. पुढचं-मागचं मेंदू अंदाजानं जोडतो, आणि त्या दिवशी अंदाज चुकला.

म्हातारपणीचा बहिरेपणा म्हणजे कोणीतरी आवाजाचं बटण कमी केलंय, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर सोपं होतं. प्रत्यक्षात छापलेल्या पानावरची निवडक अक्षरं पुसली जावीत तसं ते असतं. म्हणून घरोघरी ज्येष्ठांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “ऐकू येतं गं, पण काय बोलता ते कळत नाही.” आपण ते बहाणा म्हणून सोडून देतो. मला विचाराल तर श्रवणदोषाचं इतकं अचूक वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ टोकांच्या पेशी, असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच सूर टिपतात, आत खोलवर असलेल्या खर्जातले. नळीतली ही मांडणी उलगडून दाखवणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. झीज होते ती आधी तोंडाकडच्या पेशींची. आणि गेलेली पेशी परत येत नाही. पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं. सस्तन प्राण्यांच्या नशिबी ती सोय नाही.

या पेशी दोन प्रकारच्या असतात. आतल्या रांगेतल्या पेशी आवाजाची खबर मेंदूला देतात. बाहेरच्या तीन रांगांचं काम वेगळं, त्या हलके आवाज वाढवून आतल्यांना ऐकवतात. मोठ्या आवाजाला त्यांच्या मदतीची फारशी गरज पडत नाही. आता बाहेरच्या रांगा विरळ झाल्या तर काय होईल? हळू बोललेलं पोचणारच नाही, पण मोठ्यानं बोललेलं पूर्वीइतकंच मोठं वाटेल. दोन्हींमधली जागा अरुंद होते. “जरा मोठ्यानं बोल” आणि “ओरडतेस कशाला, बहिरा आहे का मी?” ही दोन वाक्यं एकाच मिनिटात एकाच तोंडून येतात ती यामुळे. सून चिडते, कारण तिला हा तिरसटपणा वाटतो. खरं तर तिला मधला आवाज सापडलेला नसतो, कारण मधला आवाज उरलेलाच नसतो.

ओरडण्यानं आणखी एक घोटाळा होतो. ओरडताना आपण स्वर वाढवतो, ‘स’ आणि ‘त’ काही फारसे वाढत नाहीत. म्हणजे ‘सात’ ओरडून सांगितलं की नुसता ‘आ’च मोठा होतो, आणि तो तर आधीपासून ऐकू येतच होता. त्यापेक्षा शब्द बदलावा. “सातला” तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी “सहा वाजले की तासाभरानं” म्हटलं तर मेंदूला अंदाज बांधायला जास्त सामान मिळतं. आणि दुसऱ्या खोलीतून तर सांगूच नये. आपल्या नकळत आपण सगळेच ओठ वाचत असतो. ओठ एक उच्चार दाखवत असतील आणि आवाज दुसरा असेल, तर माणसाला भलताच तिसरा उच्चार ऐकू येतो, हे १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवून दिलं होतं. भिंतीपलीकडून ओठ दिसत नाहीत.

आता सासूबाईंचा आरोप. यांना सोयीचंच ऐकू येतं, एरवी हाका मारून घसा बसला तरी ढिम्म, पण त्यांच्याबद्दल काही कुजबुजलं की लगेच, “काय म्हणालात?” हा आरोप जवळपास प्रत्येक घरात होतो आणि निरीक्षण म्हणून तो चुकीचा नसतो. निष्कर्ष चुकतो. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळे मजकूर ऐकवले आणि फक्त एकाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुर्लक्षित कानातलं जवळजवळ काहीच कोणाला सांगता आलं नाही, पण त्यात स्वतःचं नाव आलं तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांना ते बरोबर ऐकू आलं. नावाला मेंदूत वेगळी वाट असते. शिवाय कुजबूज होते ती घर शांत असताना, टीव्ही बंद असताना. आणि विषय ओळखीचा असला की तुटलेले तुकडे जोडणं सोपं जातं. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका ध्वनिमुद्रित वाक्यातून नेमका एक ‘स’ कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना तो ‘स’ तिथे आहे असंच वाटलं, कारण वाक्याचा बाकीचा भाग शाबूत होता. तेव्हा पंखा, टीव्ही आणि तीन माणसांची गप्पा-गडबड चालू असताना चुकणारे बाबा शांत दुपारी कुजबूज पकडतात, यात लबाडी शोधायची गरज नाही. (थोडीफार लबाडी असतेही. पण ती कानात सापडायची नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या चौथाईहून अधिक लोकांचा श्रवणदोष रोजच्या व्यवहारात अडचण आणण्याइतका असतो. तरी कानाचं मशीन घ्यायला माणसं वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात, आणि घेतलं तर पंधरा दिवसांत खणात टाकतात. मशीन लावल्याबरोबर भांड्यांचा, कागदाचा, स्वतःच्या चावण्याचा आवाजही अंगावर येतो. विसरलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. हे आधी सांगितलं जात नाही म्हणून पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके नोंदवले आहेत त्यांत श्रवणदोष आहे. गप्पांमधून माणूस हळूहळू बाहेर पडतो, तिथून बरंच काही सुरू होतं.

इथे मला एक गोष्ट फार विचित्र वाटते. हेच सगळं स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत घडलं तर आपण म्हणतो, वय झालं बिचाऱ्यांचं. सासऱ्यांच्या बाबतीत घडलं तर म्हणतो, स्वभावच तसा आहे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधायच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये गुणारोपणाची मूलभूत चूक असं नाव दिलं. पण सासरच्या माणसांच्या बाबतीत आणखी एक अडचण असावी, असं मला वाटतं. आपल्या आईवडिलांना आपण चाळिशीत पाहिलेलं असतं. त्यांचा आधीचा कान, आधीची झोप, आधीचा हात आपल्याला आठवतो, म्हणून बदल दिसतो. सासू-सासरे आपल्याला भेटतात तेच पन्नाशी-साठीत. त्यांचा ‘आधी’ आपल्याकडे नाही. जे दिसतं तेच मूळ, असं आपण धरतो. जावयाचंही तेच होतं, फक्त तो बहुधा कमी वेळ त्या घरात असतो म्हणून वाचतो.

मिठाचं उदाहरण घ्या. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरं तर वास असतो, आणि वासाची ताकद उतारवयात बरीच घटते. १९८४ मध्ये रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी जवळपास दोन हजार लोकांची वासाची परीक्षा घेतली, तेव्हा ६५ ते ८० वयोगटातल्या निम्म्याहून जास्त जणांमध्ये ठळक घट आढळली. बहुतेकांना स्वतःला ती जाणवत नाही. त्यांना जाणवतं ते इतकंच, की हल्ली जेवणाला चव नसते. आणि हल्ली म्हणजे कधीपासून? तर सूनबाई स्वयंपाक करायला लागल्यापासून. योगायोग साधा आहे, मुलाच्या लग्नाचं वय आणि आपलं नाक मंदावायचं वय आसपासच येतं. सुनेनं यावर जास्त मीठ घालू नये, रक्तदाब वाढेल. वास आणि आंबटपणा वाढवून बघावा. याच नाकाला गॅसची गळतीही उशिरा कळते, ते मात्र गांभीर्यानं घ्यायला हवं.

दिव्याचंही असंच. वयानुसार बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. “सगळे दिवे कशाला लावून ठेवता” हे वाक्य ज्यांना तिप्पट दिसतं त्यांचं आहे.

मग पंखा. शांत बसलेलं माणसाचं शरीर जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतं, पण प्रत्येकाचा बल्ब सारखा नसतो. उष्णता तयार करण्यात स्नायूंचा वाटा मोठा, आणि स्नायू वयाबरोबर कमी होतात. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीइतक्या चटकन आकसत नाहीत. म्हणून सासरे भर दुपारी अंगावर पांघरूण ओढतात. त्याच खोलीत पन्नाशीतल्या सासूबाई असतात, त्यांचा हिशेब अगदी उलटा. शरीराच्या आतल्या तापमानाला एक छोटी मोकळी पट्टी असते, त्या पट्टीत ना घाम फुटतो ना कापरं भरतं. रॉबर्ट फ्रीडमन यांच्या मोजणीत रजोनिवृत्तीनंतर त्रास नसलेल्या बायकांमध्ये ही पट्टी सुमारे ०.४ अंश सेल्सिअसची निघाली. अंगातून गरम वाफा येणाऱ्या बायकांमध्ये ती जवळजवळ शून्य होती. दिवा लावावा इतक्या कारणानंही शरीर ‘आग लागली’ असं समजून घामाचे नळ सोडतं. आणि हे महिना-दोन महिन्यांचं काम नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला.

एका पंख्याखाली, म्हणजे, दोन ऋतू असतात. तिसरा ऋतू सुनेचा, आणि तिला मत विचारलेलं नसतं.

खोलीचं ‘योग्य’ तापमान ठरवणाऱ्यांनीही मत विचारलं नव्हतं. इमारतींसाठी वापरलं जाणारं आरामाचं गणित १९६०च्या दशकात चाळिशीतल्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा चयापचय धरून बांधलेलं होतं. त्यात बायकांची उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, असं २०१५ मध्ये दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेव्हा घरातला पंखा एकमतानं चालावा ही अपेक्षाच सोडावी. एकाला चादर आणि दुसरीला पंख्याजवळची जागा, इतकाच उपाय मला माहीत आहे.

मात्र ज्येष्ठांच्या ‘मला गार वाटतंय’वर एका बाबतीत विश्वास ठेवू नये, ती म्हणजे कडक उन्हाळ्यात. त्यांना घाम कमी येतो, उकाडा उशिरा जाणवतो, आणि तहानही फसवते. १९८४ च्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि ६७ ते ७५ वर्षांचे निरोगी पुरुष २४ तास पाण्याविना ठेवले. ज्येष्ठांच्या शरीराला पाण्याची गरज असूनही त्यांना तहान कमी लागली, आणि पाणी समोर ठेवल्यावरही ते कमी प्यायले. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जास्तीचे मृत्यू झाले, त्यात वृद्ध फार होते. “हवं तेव्हा मागतील” हे इथे चालत नाही. पेला हातात द्यावा लागतो.

उरली झोप. पहाटे साडेचारला सासूबाईंची भांडी वाजतात, नातू दुपारी बारापर्यंत उठत नाही, आणि मधल्या पिढीला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ पुढे पुढे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही उशिरा येतात. टिल रोनेबर्ग यांच्या २००४ च्या अभ्यासात हे सरकणं विशीच्या आसपास टोकाला पोचतं आणि तिथून मागे फिरतं, मुलींमध्ये थोडं आधी, मुलग्यांमध्ये थोडं नंतर. साठीनंतर ते बरंच अलीकडे आलेलं असतं, आणि गाढ झोपही कमी झालेली असते. नातू आळशी नाही आणि आजी मुद्दाम भांडी आपटत नाही. (आजीला तो आवाज तितकासा ऐकूही येत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.)

ही विजोड घड्याळं बिघाड आहेत की सोय? टांझानियातले हाड्झा लोक आजही बऱ्याच अंशी शिकार आणि कंदमुळांवर जगतात. संशोधकांनी त्यांच्यातल्या ३३ प्रौढांच्या मनगटावर हालचाल टिपणारी उपकरणं बांधली आणि सुमारे २० दिवस नोंदी घेतल्या. २०१७ मध्ये निकाल छापून आला. या सगळ्या काळात सगळेच्या सगळे ३३ जण एकाच वेळी झोपलेले असण्याचा एकूण वेळ भरला अठरा मिनिटं. एरवी कोणी ना कोणी जागं होतं किंवा सावध झोपेत होतं, आणि माणसांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असण्यामागे वय हे मोठं कारण होतं. उघड्यावर झोपणाऱ्या टोळीत रात्रभर पहारा लागतो. तो कोणी नेमून द्यावा लागला नाही, तरुण उशिरा झोपले आणि म्हातारे लवकर उठले. कमी झोपणाऱ्या आजी-आजोबांचा टोळीला उपयोग झाला असावा, अशी कल्पना या संशोधकांनी मांडली आहे. ती सिद्ध झालेली नाही, पण मला आवडते.

संशोधकांनी त्या लोकांना झोपेबद्दल विचारलंही होतं. कोणाचीच काही तक्रार नव्हती.