गुंगीच्या गोळीवर लिंबू-ताकाचा उतारा चालतो का?
खानदेशात लग्नसराईच्या दिवसांत हमखास पुढे पाठवला जाणारा एक समज असा: ‘दारूसोबत गुंगीची गोळी पोटात गेली तर माणूस फक्त गाढ झोपतो, लिंबू किंवा ताक पाजले की उतरते.’ तो काळजीपोटीच सांगितला जातो, पण खरा नाही.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी गुंगीची औषधे आणि दारू मेंदूतील एकाच शामक, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या, यंत्रणेवर काम करतात. त्यामुळे एकमेकांचा परिणाम वाढवून दोन्ही मिळून श्वास मंदावतात. रक्तात उतरलेले औषध आंबट पदार्थाने बाहेर निघत नाही. उलट शुद्ध हरपत असताना गिळण्याची क्रिया शिथिल झालेली असते आणि मायेने पाजलेले ताक श्वासनलिकेत जाऊ शकते, हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

पडताळणी अवघड नाही. अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकात मद्य टाळण्याचा इशारा असतो. बाजेवर निजलेल्याच्या छातीकडे पाहून मिनिटभर श्वास मोजावेत. प्रौढाचे ते साधारण १२ ते २० असतात. ते फार कमी भरले, घोरण्यात गुरगुर आली, ओठ निळसर दिसले किंवा हलवूनही डोळे उघडले नाहीत, तर तोंडावाटे काहीही न देता त्याला कुशीवर वळवावे, १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकटे सोडू नये.