भारतातील ऑनलाइन किरकोळ व्यापार

संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर मागणी नोंदवून वस्तू घरपोच मिळवण्याच्या व्यवहाराला ऑनलाइन किरकोळ व्यापार म्हणतात. भारतात त्याचे सुरुवातीचे प्रयत्न १९९९-२००० च्या सुमारास झाले; पण संगणक आणि क्रेडिट कार्ड मोजक्याच घरांत असल्याने ते फारसे रुजले नाहीत. रेल्वेची तिकिटे २००२ पासून इंटरनेटवर मिळू लागली आणि पडद्यावर पैसे भरण्याची भीती कमी होण्यात या सेवेचा वाटा मोठा आहे.

सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये बंगळूरु येथे फ्लिपकार्टची स्थापना केली. विक्री पुस्तकांपासून सुरू झाली. पुस्तकाची प्रत कोठूनही घेतली तरी सारखीच असते. कपडे, चपला, मोबाइल यांचे तसे नाही आणि न पाहिलेल्या मालासाठी आधी पैसे मोजायला ग्राहक धजावत नसे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली. या बाजाराच्या वाढीचे श्रेय तंत्रज्ञानाइतकेच या साध्या सोयीला द्यावे लागते. विक्रेत्याला मात्र ती महाग पडते, कारण ग्राहकाने दारातच पार्सल नाकारले तर माल नेण्याचा आणि परत आणण्याचा खर्च वाया जातो, शिवाय रोकड खात्यात जमा होईपर्यंत भांडवल अडकून राहते.

अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्रीमंच उघडला. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, जिओच्या आगमनाने मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीने डिजिटल देयकांकडे लोक वळले. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला.

परकीय भांडवलावरील नियमांनी या व्यापाराला वेगळेच रूप दिले आहे. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला इतर विक्रेत्यांसाठी मंच चालवता येतो, स्वतःचा साठा ग्राहकाला विकता येत नाही. मंचाचा भांडवली हिस्सा असलेल्या विक्रेत्यांनाही १ फेब्रुवारी २०१९ पासून त्या मंचावर विक्री करण्यास मनाई झाली. छोट्या दुकानदाराचे हित जपण्याचा हा प्रयत्न रास्तच आहे. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या, खरेदी-विक्रीची वेगवेगळी अ‍ॅप एकमेकांना जोडणाऱ्या खुल्या जाळ्यामागेही, कोणा एका मंचावर अवलंबून न राहता दुकानदाराला ग्राहक मिळावा, हाच हेतू आहे.

पार्सल दारापर्यंत आणणाऱ्या कामगारांना कायद्याने उशिरा ओळखले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग (कायम नोकरीबाहेर सुटी कामे करणाऱ्या) व प्लॅटफॉर्म (अ‍ॅपमार्फत काम मिळणाऱ्या) कामगारांची व्याख्या आली आणि २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.